आधी मुलीचंच होतं

अण्णा,

तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी मला मुलगा झाला आणि त्याचं नाव मी किरण ठेवलं. हे तुम्हाला कळायला हवं होतं. तुमच्या डोळ्यांदेखत ते घडावं, तुम्ही आपल्याच ओसरीवर पाहुण्यांच्या मधे बसलेले असावेत आणि ते नाव तुमच्या कानावर पडावं, अशी माझी फार इच्छा होती. तेवढं जमलं नाही, तुम्ही लवकर सुटलात. म्हणून आता लिहिते आहे. तुम्हाला अजूनही अहो-जाहो करते आहे, ती सवय आहे. मान समजू नका.

किरण हे नाव तुम्ही कुठून आणलंत ते मला आईने सांगितलं होतं. मुंबईचा जो व्यापारी आपली शेवंती घ्यायचा त्याच्या मुलाचं ते नाव. तो पोरगा इस्त्रीचे कपडे घालून नाशिकच्या फुलबाजारात यायचा, आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, आपल्याला झाला की हेच ठेवायचं. लग्नाला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं, तरी नाव तयार होतं. आईला दिवस गेले तेव्हा बाजारभर तुम्ही सांगून ठेवलंत, किरण येतोय. आणि मी आले. आत्या म्हणते, तुम्ही दवाखान्याच्या दारातूनच म्हणालात, नाव काढलंय ते वाया कशाला घालवायचं, पोरीलाही चालतं. एवढ्यावर माझं बारसं उरकलं. मला हे सगळं माहीत नव्हतं तोवर मी फार सुखात होते हो. तुम्ही मला लुनाच्या पुढ्यात उभं करून बाजारात न्यायचात. मखमलाबादच्या रस्त्याने पहाटेचं गार वारं तोंडावर येतंय, मागे बिजलीच्या आणि झेंडूच्या फुलांच्या गाठोड्यांचा ओला वास, आणि नदीकाठच्या बाजारात शिरलं की माळा ओवणाऱ्या बायका, हमाल, चहावाला, सगळे ओरडतायत, किरणशेठ आले, किरणशेठ आले. तुम्ही हसताय. मला वाटायचं माझ्याकडे बघून हसताय. ते नाव माझ्या अंगावर चढवून तुम्ही पुढच्याची वाट बघत होतात हे मला कसं कळावं? दुकानात मापाला कुणाला तरी कपडे घालून बघतात, तसं होतं ते.

मग सिंहस्थाचं वर्ष आलं. फुलं पुरत नव्हती इतकी मागणी, आपला मळा सकाळ-संध्याकाळ माणसांनी भरलेला, आणि त्यातच आईला मुलगा झाला. मी सात वर्षांची, पहिलीतून दुसरीत गेलेली. बारशाच्या दिवशी मला नवा पिवळा फ्रॉक घातलाय. माझ्या हातात घुगऱ्यांचं ताट आहे, ते घेऊन मी बायकांमधून फिरते आहे. पाळण्याला निशिगंधाचे गजरे बांधलेत, खाली गव्हाच्या राशीवर समई. आत्या पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या मारल्या, आणि ती सरळ होऊन मोठ्याने म्हणाली, किरण. मी ताट घेऊन मागे वळले आणि म्हणाले, "काय गं आत्या?"

आधी एक जण हसली, मग सगळ्याच. मीही हसले, कारण सगळ्या हसत होत्या. कुणीतरी तुम्हाला विचारलं, एका घरात दोघांचं एकच नाव कसं? तुम्ही खांबाला टेकून बसला होतात, डोक्यावर नवी टोपी. तुम्ही म्हणालात, "एकच कसं? पोरासाठीच काढलेलं नाव ते. ही मधेच आली." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, ओरडला नाहीत की रागावला नाहीत, "तुला नाय हाक मारली. ते आता त्याचं हाय. तुझं दुसरं बघू." अण्णा, तुम्ही ओरडला असतात तर मी विसरले असते. लहानपणी ओरडणं कुणाच्या लक्षात राहतं? तुम्ही ते असं म्हणालात जसं एखाद्याला सांगावं, त्या खुर्चीवरून ऊठ, पाहुणे आलेत.

दुसरं बघायला तुम्हाला आठवडा लागला, आणि बघितलंतही नाही. शाळेत हेडमास्तरांसमोर मला उभं करून म्हणालात, हिचं नाव बदलायचंय. हेडमास्तर समजूतदार माणूस होता. त्याने विचारलं की नुकत्याच जन्मलेल्या मुलाचं नाव वेगळं ठेवणं सोपं नाही का, हिला सात वर्षं याच नावाची सवय आहे. तुम्ही हसलात. म्हणालात, पोराचं कसं बदलणार? मग त्याने विचारलं, बरं, हिचं काय ठेवायचं, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग खिडकीबाहेर बघितलंत, आणि म्हणालात, "काय बी लिहा, गुरुजी. बरंसं." त्याने मला विचारलं, तुला कोणतं आवडतं बाळ? मी तोंड उघडलंही होतं. काय म्हणणार होते ते आता आठवत नाही. तुम्ही म्हणालात, तिला काय विचारता, पोरगी ती. तर त्या परक्या माणसाने, माझी कीव येऊन म्हणा किंवा घाईत म्हणा, संगीता लिहिलं. वर्गात गेले तर तीन संगीता आधीच होत्या. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा आम्ही चौघी एकदम उठायचो, मग त्या आडनाव लावायच्या, आणि तिघी बसायच्या. मला कित्येकदा समजायचंच नाही की उभं राहायचंय ते मला. उर्मट ठरून त्याबद्दल मी पट्टी खाल्लेली आहे.

आईने मला संगीता कधी म्हटलं नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का हे? सुरुवातीला ती चुकून किरण म्हणायची, भाकरी थापता थापता, किरण, पीठ दे गं, आणि तुम्ही बाहेरून म्हणायचात, कोण किरण? एकदा तुम्ही पायातलं न काढता चुलीपर्यंत आलात आणि तिला म्हणालात की घरात हे नाव मुलीसाठी पुन्हा ऐकू आलं तर माझ्यासारखा वाईट नाही. तिने मान खाली घातली, भाकरी उलटली. त्या दिवसापासून तिने मला नावानेच हाक मारणं बंद केलं. अगं म्हणायची, ए बाई म्हणायची, लांब मळ्यात असले तर नुसती टाळी वाजवायची. आयुष्यभर. तुम्ही दिलेलं नाव तिने तोंडात घेतलं नाही आणि तुम्ही काढून घेतलेलं घ्यायची हिंमत झाली नाही. तुम्हाला मात्र संगीता म्हणणं पहिल्या दिवसापासून जमलं, अगदी सहज. लुनाच्या पुढ्यात तो उभा राहायला लागला तेव्हा तुम्ही मला दारातून बाजूला करत म्हणायचात, संगीता, सरक. बाजारात पुन्हा किरणशेठ आले. मी एकदा मागे बसून आले होते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. चहावाल्याने आधी त्याला हाक मारली, मग माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण पोरगी? तुम्ही म्हणालात, मोठी.

मी त्याच्यावर राग धरला नाही, हे मुद्दाम लिहिते. लहान होता. माझ्या कडेवर वाढला. त्याला मी कधी किरण म्हटलं नाही, भाऊ म्हटलं, आणि त्याला वाटायचं ते लाडाने. राग सगळा तुमच्यासाठी ठेवला, कुणाला वाटून दिला नाही.

पुढचा सिंहस्थ आला आणि तुम्ही पडलात. मळ्यातच, शेवंतीच्या सरीत, उजवी बाजू गेली. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आई मळा बघायची, भाऊ शाळेत, तेव्हा दिवसभर तुमच्यापाशी मी. तुमचं मी सगळं केलं, कशात कमी केलं नाही, हे तुम्हीही नाकारू शकणार नाही. तुमचे शब्द गेले होते. पाणी म्हणता यायचं, नको म्हणता यायचं, आणि किरण. दिवसातून कितीदा तरी तुम्ही म्हणायचात, किरण. मी उशाशीच बसलेली असायचे, अभ्यासाचं पुस्तक मांडीवर. मी म्हणायचे, "शाळेत गेलाय." तुम्ही डोळे मिटायचात. थोड्या वेळाने पुन्हा, किरण. "शाळेत गेलाय, अण्णा." एकदा आईने दारातून ऐकलं. ती हातातलं खुरपं खाली ठेवून आत आली आणि हळूच म्हणाली, अगं, तुलाच बोलवत असतील. मी म्हणाले, "मला कसं? माझं नाव संगीता." तुम्ही ऐकलंत ते. डावा डोळा माझ्याकडे वळला होता. त्यात काय होतं ते मी वाचायला गेले नाही. आजही मला त्याचा पस्तावा नाही. तुम्ही मला बोलवत होतात की त्याला, हे ठरवायचा त्रास मी का घ्यायचा? दोन मुलांना एका हाकेत बसवलं तुम्ही, मग हाक जिथे पोचायची तिथे पोचेल. महिन्याभरात तुम्ही गेलात.

तुमच्यामागे माझं लग्न झालं. माझा नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात आहे, सासर मूळ चांदवडचं. दिवस गेले तशी सासूबाईंनी नावांची चर्चा सुरू केली. मुलगा झाला तर अथर्व, वेदान्त, असं सगळं, त्या वर्षी कॉलनीत घरोघरी तीच होती. मी बाळंतपणाला माहेरी आले, मुलगा झाला, आणि तिसऱ्या दिवशी नवरा भेटायला आला तेव्हा त्याला म्हणाले, याचं नाव किरण. तो म्हणाला, थोडं जुनं नाही का वाटत? आणि तुझ्या भावाचं आहे की. मग मी त्याला सगळं सांगितलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, तोवर एक शब्द बोलले नव्हते. त्याने बाळाचं दुपटं नीट केलं आणि एवढंच म्हणाला, मग तेच. पण सासूबाईंना पटेना. त्यांनी फोनवर विचारलं, मामाचं नाव भाच्याला ठेवतं का कुणी? लोक हसतील. मी म्हणाले, "मामाचं नाही, आई. त्याच्या आईचं आहे." त्यांना कळलं नाही. नवऱ्याने त्यांना समजावलं, काय समजावलं ते मी विचारलं नाही.

खरी अडचण आपल्या माणसांची होती. तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, बारशाच्या सकाळी ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले की अण्णाने स्वतः काढलेलं नाव आहे, ते घराण्याच्या मुलाचं, लेकीच्या पोराला देऊन त्या माणसाचा अपमान करू नको. मला बरं वाटलं. अपमान होतोय हे दुसऱ्याला दिसलं म्हणजे बरोबर जागी लागलं होतं. मी म्हणाले, काका, नाव बदलणार नाही. मग त्यांनी भावाला माझ्याकडे आत पाठवलं. अठरा वर्षांचा झाला होता तो, पहाटे टेम्पो घेऊन बाजारात जाऊन आलेला, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. खाटेच्या कडेवर बसला आणि बाळाची मूठ उघडत म्हणाला, ताई, काय चाललंय? माझ्यावर राग हाय का तुझा? मी त्याला सांगितलं. पिवळा फ्रॉक, घुगऱ्या, हेडमास्तर, सगळं. त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याच्या जन्मापासून मी संगीताच होते. त्याने आईकडे बघितलं, आई पदराने तोंड पुसत उभी होती, तिने मान हलवली. तो उठून बाहेर गेला. मी आतून ऐकत होते. काकांना तो म्हणाला, "ते ताईचंच हाय. इतके दिवस मी वापरलं."

आणि आत्या. माझ्या नवऱ्याला बहीण नाही, तेव्हा पाळण्यात कुणी वाकायचं हे मीच ठरवणार होते, आणि मी ते कधीचंच ठरवलं होतं. आत्या थकली होती, गुडघे धरून बसायची. तिला मी म्हणाले की नाव तूच सांगायचं. ती खूश झाली, आणि नाव कळल्यावर तिचा चेहरा पडला. म्हणाली, मला नको गं यात घालू, मेलेल्या भावाच्या विरुद्ध मी जाणार नाय. मी तिच्याजवळ खाली बसले. "आत्या, याच जागी वाकून तू ते माझ्याकडून घेतलंस. तूच परत दे." ती रडायला लागली. मला दया आली नाही. मग ती म्हणाली, "मी त्याला म्हणले होते, पोरीचं नाव काढून घेऊ नको, रडंल ती. तर तो म्हणला, पोरीला काय कळतंय." हे मला माहीत नव्हतं, अण्णा. तोवर कुठेतरी एक फट ठेवली होती मी तुमच्यासाठी, की तुमच्या डोक्यातच आलं नसेल, तुम्ही विचारच केला नसेल. तर तुम्हाला कुणीतरी विचार करायला लावला होता. विचार करून तुम्ही ते केलं होतंत. ती फट मी त्या सकाळी बुजवली. आत्याने डोळे पुसले, माझ्या खांद्याला धरून उठली, पाळण्यात वाकली, कुर्र केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, किरण. कुणी हसलं नाही. काका जेवायला थांबले नाहीत. आईने त्या दिवशी बाळाला आंघोळ घालताना इतक्या वेळा त्या नावाने हाक मारली की बाळ दचकायला लागलं. मला आतल्या खोलीत ते ऐकू येत होतं, आणि ती कुणाला हाक मारतेय हे मला कळत होतं.

तुमच्याकडून नाव काढून घेतलं एवढ्यावर मी थांबले नाही, हेही ऐका. मुलगा चौथीत असताना एकदा शाळेतून तणतणत आला. वर्गात नवी मुलगी आली होती, तिचंही नाव किरण. पोरं याला चिडवत होती. दप्तर टाकून म्हणाला, आई, किरण मुलीचं नाव आहे का? तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. मी कणीक मळत होते. मी म्हणाले, "हो. आधी मुलीचंच होतं. माझं होतं, मग मामाला दिलं, मग तुला." त्याने थोडा विचार केला. मग विचारलं, म्हणजे मामाने तुझं जुनं वापरलं? मी म्हणाले, हो. त्याला ते फार मजेचं वाटलं, आणि पुढच्या दिवाळीला भरल्या ताटांवर, काकांसमोर, त्याने मामाला तसं चिडवलंही. भाऊ मोठ्याने हसला. काका ताटात बघत राहिले. त्यांच्या कानातून ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल असं मी धरून चालते. ज्याच्यासाठी तुम्ही बाजारभर आरोळी दिलीत त्या तुमच्या वंशाला तुम्ही पोरीचा उतरवलेला कपडा घातलात, आणि घरातली पोरंसोरं आता ते जाणतात. माझा मुलगा कुणाला आपल्या नावाबद्दल सांगतो तेव्हा तुमचं नावही घेत नाही. आईचं नाव आहे म्हणतो. या घरात किरण माझ्यापासून सुरू होतो.

हे लिहून मला हलकं वाटायला हवं होतं. बसले होते त्याच हेतूने. पण बसायला कारण वेगळं झालं, ते सांगायचं टाळत इथवर आले. मागच्या आठवड्यात भावाला मुलगी झाली. फोन करून म्हणाला, ताई, आत्या तू, नाव तूच सांग, पण जरा चांगलं शोध, तिचं स्वतःचं. तेव्हापासून मी शोधते आहे. मी शिकवते त्या शाळेत मुलींची हजेरी घेते तेव्हा प्रत्येक नाव तिच्यासाठी बोलून बघते, घरी भाजी निवडताना बोलून बघते. एक फार लांब वाटतं, एक कुणा आजारी बाईचं म्हणून नको वाटतं, एक आवडलं तर त्याचं हाक मारताना काय होईल म्हणून स्वयंपाकघरातून दारापर्यंत ओरडून बघितलं, मुलगा हसला. जिला अजून नीट पाहिलंही नाही तिच्यासाठी एवढा वेळ द्यायला मला किती छान वाटतंय. आणि त्यातच परवा लक्षात आलं की ज्या नावासाठी मी घर डोक्यावर घेतलं तेही तुम्ही माझ्यासाठी आणलेलं नव्हतं. संगीता हेडमास्तरांनी दिलं आणि किरण मुंबईच्या पोराचं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. काकांना वाचायला द्यावं असं आधी मनात होतं, तेही आता करणार नाही, कारण शेवटी मला तुम्हाला हे विचारायचंच आहे. अण्णा, आईला दिवस गेले होते तेव्हा, कधीतरी, मळ्यात पाणी देताना किंवा लुनावरून घरी येताना, मुलगी झाली तर, एवढं तरी तुमच्या मनात आलं होतं का? आणि आलं असेल तर एखादं नाव? कसलंही असलं तरी चाललं असतं. मला ते अजून हवं आहे.